सातवीतून थेट दहावीत

“कोकण पुन्हा पहिलं गो! ९९.२७!”

आधी काकूंचा आवाज आला, मग गडग्यावर त्यांचं सूप आलं, सुपात सोलायच्या आठळ्या आणि सगळ्यात शेवटी काकू. चिपळुणातल्या आमच्या आळीत बातमी साधारण ह्याच क्रमानं येते. ही होती २०२२ च्या दहावीच्या निकालाची.

“ठाऊक आहे हो काकू. शुक्रवारी दुपारी एक वाजल्यापासून तेच ऐकतेय,” मी दोरीवरचा गणवेश चाचपत म्हटलं. अजून ओलाच. “एवढे पेढे आलेत की मुंग्यासुद्धा तोंड फिरवायला लागल्यात.”

“कोणाकोणाकडचे?”

“समोरच्या बेकरीवाल्यांचे. त्यांच्या मुलाला ९१. आणि वरच्या आळीतल्या त्या... नाव नाही घेत मी, पण तिच्या लेकीला ९४. पेढा हातावर ठेवला, पण तोंड हे एवढंसं. मावसबहिणीला ९६ पडले ना!”

“म्हणजे पोरीला ९४ पुरले, आईला दोन कमी पडले. असू दे. पेढा कशाचा होता?”

“कंदी.”

“मग दे एखादा. त्याला काय ठाऊक किती टक्क्यांचा ते.”

काकू गावातल्या एका हायस्कुलात मराठी आणि भूगोल शिकवायच्या. २०२१ च्या जून महिन्यात निवृत्त झाल्या, त्यामुळे निरोप समारंभ मोबाइलवर झाला. मुख्याध्यापक बराच वेळ नुसतेच हातवारे करत होते. माइक बंद असल्याचं कोणीतरी सांगितल्यावर त्यांनी ‘थोडक्यात सांगतो’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शाल-श्रीफळ शिपायाबरोबर आलं. त्यानं ते ह्याच गडग्यावर ठेवलं, चार पावलं मागे सरून नमस्कार केला, आणि काकूंनी नारळाला सॅनिटायझरनं आंघोळ घातली. तेव्हापासून काकूंचा वर्ग गडग्यावर भरतो. पटावर बहुतेक वेळा मी एकटीच.

“अख्ख्या राज्याचा निकाल ९६.९४,” काकूंनी आठळीचं साल काढलं. “गेल्या वर्षी ९९.९५ होता. आणि आपलं कोकण तर शंभर टक्के. शंभर गो! नापास व्हायची कोणाला हौस असती, तर त्याला विभाग सोडून जावं लागलं असतं.”

“मग त्यात वाईट काय काकू? पोरं पास झाली.”

“वाईट म्हणतेय कुठे मी? त्या निकालाचे तक्ते ह्या हातांनी भरलेत. नववीच्या निकालाचे पन्नास, दहावीच्या वर्षातल्या लेखी कामाचे तीस, तोंडी-प्रात्यक्षिकाचे वीस. आता सांग, ह्या मुलांची नववी कुठल्या साली? २०१९-२० ला. त्या वर्षीची त्यांची दुसऱ्या सत्राची परीक्षाच रद्द झालेली. म्हणजे दहावी न देता दहावी, आणि तीही अर्ध्या नववीच्या जोरावर.”

“आणि त्याच्या आदल्या वर्षीचा तुमचा तो पेपर...”

“तो नको काढू बाय!” काकूंनी सूपच बाजूला ठेवलं. हे दुःख जुनं असलं तरी रोज ताजं असतं. “२३ मार्च २०२०, सोमवार. मराठी झालं, इंग्रजी झालं, गणित झालं, विज्ञान झालं, इतिहास झाला. राहिला कोणाचा? माझा. आधी पुढे ढकलला, मग एप्रिलात रद्दच करून टाकला, आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवर भूगोलाचे मार्क दिले. गणितात हुशार म्हणून भूगोलात हुशार! माझ्या धाकट्या जावेची मुलगी त्याच बॅचची. नकाशात गंगा-यमुनेची गाठ घालता येत नाही तिला, पण भूगोलात ८९.”

“परवा बारावी झाली ना ती?”

“झाली. दहावी भूगोलाशिवाय, अकरावी गादीवर लोळून आणि बारावी तोंडाला मास्क लावून. कॉलेजचा जिना कुठल्या बाजूला ते तिला बारावीच्या दिवाळीनंतर कळलं. आता आई-बाप विचारतायत, ‘पुढे काय करायचं ठरवलंयस?’ अगो, तिला दोन वर्षांत तुमच्या दोघांपलीकडे माणूस दिसलं नाही, ठरवणार कुठून?”

मी गणवेश उलटा केला. त्याची आणखी एक कथा होती. मे महिन्यात शिवायला टाकलेली पँट लेकानं परवा घातली तर घोट्याच्या वर. शिंप्याला जाऊन विचारलं तर तो म्हणाला, “वहिनी, माप मी बरोबर घेतलं होतं. तुमचा मुलगाच थांबत नाही, त्याला मी काय करू?” आळीभर हीच तऱ्हा. गेल्या ऑक्टोबरात, चार तारखेला, शाळा उघडल्या तेव्हा सातवीत असताना घेतलेले बूट नववीतल्या पायांत जाईनात. दप्तरांत उंदरांनी संसार मांडलेला. आणि मुलं तोंडं झाकलेली. काकूंच्या जागेवर आलेल्या नव्या बाईंनी सगळा वर्ग डोळ्यांवरून आणि कपाळावरून पाठ केला. गुढीपाडव्याला मास्कची सक्ती उठली, नंतरच्या सोमवारी बाई वर्गात शिरल्या आणि दारातच थांबल्या. त्यांना वाटलं, वर्ग चुकला. ज्याला त्या लहानखुरा गरीब मुलगा समजत होत्या त्याला चांगली मिशी निघाली.

“तुझा मिशीवाला कुठाय?” काकूंनी विचारलं.

“आत आहे. दहावी सुरू झालीय ना. वही पुढ्यात आहे, पेन हातात आहे, आणि साहेब मनगट चोळत बसलेत. दीड पान लिहून हात दुखतो म्हणे.”

“दुखणारच! शेवटची वार्षिक परीक्षा कधी दिली होती त्यानं?”

“आत्ताच की, एप्रिलात. नववीची.”

“आणि त्याच्या आधी?”

मी आठवायला लागले. सातवीची वार्षिक रद्द. आठवी २७ जानेवारी २०२१ ला उघडली, तीही एक दिवसाआड, एका बाकावर एक मूल. शिमग्याच्या पालख्या निघायच्या-न निघायच्या वादात ती परत बंद झाली आणि एप्रिलच्या सुरुवातीला फर्मान आलं, पहिली ते आठवी सगळे वरच्या वर्गात.

“सहावीत,” मी म्हटलं, आणि म्हणताना माझं मलाच चमत्कारिक वाटलं.

“सहावीत. म्हणजे अकरा-बारा वर्षांचं पोर होतं. त्यानंतर थेट पंधराव्या वर्षी तू त्याच्यापुढे तीन तासांचा पेपर ठेवणार. अगो, तीन तास सलग लिहायचं म्हणजे पहिलं काम मनगटाचं, दुसरं पाठीचं, तिसरं बुडाचं. डोक्याची पाळी त्यानंतर येते. ह्याला सवय लागते. रोज थोडं, रोज थोडं. पाटावर बसायची सवय मोडलेल्या माणसाला एकदम श्राद्धाच्या पंगतीला बसवलं तर तो भात यायच्या आधी पाय लांब करणारच.”

“काल पालकसभेत सर हेच म्हणत होते. म्हणजे, तक्रार म्हणून म्हणत होते.”

“पालकसभा झाली? आणि हे तू मला आत्ता सांगतेस?” काकूंनी सूप पुन्हा मांडीशी ओढलं. सभेला त्यांना कोणी बोलावत नाही, ह्याचं त्यांना भूगोलाखालोखाल दुःख आहे.

मग मी सगळी सभा सांगितली. गणिताचे सर म्हणाले, पाया कच्चा आहे. इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, वाचता येत नाही. विज्ञानाचे सर म्हणाले, मुलं दर दहा मिनिटांनी पाणी प्यायला उठतात, घरचं स्वयंपाकघर समजतात. मुख्याध्यापक म्हणाले, यंदा अभ्यासक्रमात पंचवीस टक्क्यांची सूट मिळणार नाही असं दिसतंय, परीक्षेचं केंद्रही आपल्या शाळेत मिळेल ह्या भरवशावर राहू नका. त्यावर एक बाप उठला, “मग दोन वर्षं फी कशाची घेतलीत?” लगेच दुसरा उठला, “फीचं सोडा, सकाळी सातपासून जादा तास घ्या.” मागून एक आई म्हणाली, “सातला कशाला, साडेसहाला घ्या.” आणि पीटीचा तास गणिताला द्यायचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

“झालं!” काकूंनी कपाळाला हात लावला. “दोन वर्षं खोलीत कोंडलेल्या पोरांचा खेळाचा तास काढून घेतला. ऑक्टोबरात शाळा उघडली तेव्हा सरकारनं खेळायला बंदी केली होती, ती साथीपायी. आता साथ ओसरली तर आई-बापांनी बंदी केली. बरं, मुलांना कोणी विचारलं?”

“मुलं सभेला नव्हती.”

“पालकसभा आहे ना ती, मुलं कशाला हवीत!”

“पण काकू, पाया कच्चा आहे हे खोटं आहे का? तुमच्या ऑनलाइन तासांना माझा लेक काय करायचा ते मी बघितलंय. हजेरी द्यायचा, कॅमेरा बंद करायचा आणि पांघरूण ओढून घ्यायचा.”

“मला सांगतेस? शेवटचं वर्ष मी काळ्या चौकोनांना शिकवलंय. ‘कळलं का रे?’ विचारलं की शांतता. एकाच्या घरचा कुकर शिट्टी द्यायचा, तेवढाच काय तो प्रतिसाद. दहावीच्या भूगोलात ठाऊक आहे ना, भारत आणि ब्राझीलची तुलना. मी जीव तोडून ॲमेझॉनचं खोरं सांगतेय. एके दिवशी एका चौकोनातून म्हातारा आवाज आला, ‘बाई, त्या ब्राझीलात पाऊस बारा महिने, मग ते लोक पापड कधी घालतात हो?’ त्या मुलाची आजी! नातू झोपायचा आणि आजी रोज तासाला बसायची. वर्षाअखेर अख्ख्या वर्गात ब्राझील आलं ते एकट्या त्या आजीला. तिचं नाव पटावर असतं तर मी तिला पैकीच्या पैकी दिले असते.”

“आणि चाचण्या?”

“चाचण्या! एकानं ‘हिमालय’ लिहिताना ‘मा’ऐवजी ‘म’ लिहिला, तर वर्गातल्या निम्म्या मुलांचा ‘हिमलय’. मी काय ओरडणार? पोरं जवळ नाहीत, कान धरायचा कोणाचा? पण तेव्हाही मला मुलांचा राग नाही आला. जानेवारीत धारावीला शिक्षणमंत्र्यांच्या घरापुढे मुलं जमली होती ना, परीक्षा ऑनलाइन घ्या म्हणून? सगळे म्हणाले, आळशी झालीत. मला वाटलं, ही पोरं घाबरलीत. वर्षभर जसं शिकवलंत तसंच विचारा, एवढंच त्यांचं म्हणणं. शेवटी बोर्डानं पेपर कागदावरच घेतले, पण ऐंशी मार्कांच्या पेपराला अर्धा तास वाढवून दिला, चाळीसच्या पेपराला पाव तास. मला ते पटलं. हात मंदावलेत हे निदान कोणाच्या तरी ध्यानात आलं.”

तेवढ्यात बेड्याशी “भाजी हाय का पायजे वैनी?” असा आवाज आला. वरच्या वाडीतल्या मावशी. डोक्यावर टोपली, टोपलीत टाकळ्याच्या जुड्या. पहिल्या पावसाचा कोवळा टाकळा आणि मावशींच्या घरची बातमी दोन्ही एकदमच येतात.

“बस गो मावशी. दोन जुड्या दे,” काकू म्हणाल्या. “लेक जातेय ना शाळेत?”

“जातेय की बाई. नववीत गेली. येष्टी चालू झाली म्हणून जातेय.”

एसटीचा विषय निघाल्यावर मावशींनी टोपली खाली ठेवली. गेल्या वर्षी ऑक्टोबरात शाळा उघडली, पोरगी जेमतेम तीन आठवडे गेली आणि दिवाळीला एसटीचा संप सुरू झाला. तो चालला पार एप्रिल अखेरपर्यंत. मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो, तो पास तिच्या दप्तरात होता. गाडी रस्त्यावर नव्हती. सहा आसनी रिक्षाला रोजचे पैसे लागायचे, मग एक दिवस जायचं, दोन दिवस राहायचं. शेवटी चार मुली मिळून चालत जायला लागल्या, घाट उतरून सकाळी, चढून संध्याकाळी.

“आणि आधी, शाळा बंद होती तेव्हा?” मी विचारलं.

“तवा आमची शाळा बंद कुठं होती वैनी? तवा शाळेत आमचं चाकरमानी ऱ्हायले होते.”

खरंच की. २०२० च्या मे महिन्यात मुंबईहून जे जे गावी आले, त्यांना गावोगाव जिल्हा परिषदेच्या शाळांतच तर ठेवलं होतं चौदा चौदा दिवस. मावशींचा दीरही होता. ज्या वर्गात तो चौथी शिकला, त्याच वर्गात फळ्याखाली चटई टाकून झोपला. घरून जेवणाचा डबा जायचा तो शाळेच्या पायरीवर ठेवून यायचा. पुतणी लांबून ओरडून विचारायची, “काका, फळ्यावर काय लिहिलंय?” तो वाचून दाखवायचा. मार्चमधली तारीख आणि सुविचार तसाच होता म्हणे.

“मोबाइल होता का तिच्याकडे?”

“धन्याकडे होता येक. तो लोट्याला कंपनीत. सकाळी घिऊन जायचा, रातीला आणायचा. मग रातीला पोरगी बसायची बाईंनी काय पाठवलंय ते वहीत उतरून घ्यायला. डोळं दुखंस्तवर. आता लिहिते भराभर, पन गणिताला हात लावीत नाय. ते कोनी समजावून सांगितलंच नाय ना.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी गणवेशाकडे बघितलं. माझ्या घरात मोबाइल होता, वायफाय होतं, लेकाला गणित समजावणाऱ्यांचे शंभर व्हिडिओ होते, आणि त्याला दीड पान लिहवत नाही.

“तिच्या बरोबरच्या सगळ्या आल्या परत?” काकूंनी हळूच विचारलं.

मावशी टाकळ्याची जुडी सोडून परत बांधायला लागल्या. “तीन आल्या. येकीचं लगीन लावलं गेल्या वर्षी वैशाखात. घरातल्या घरात, पंचवीस मानसांत. खर्च वाचला म्हनत होते.”

“वय काय तिचं?”

“ह्याच पोरींयवढी.”

“आणि तू गप्प बसलीस?” काकूंचा आवाज चढला. बाईंचा आवाज तो, तीस वर्षांचा. “अठराच्या आत लग्न गुन्हा आहे मावशी. शिक्षा लावणाऱ्यालाही आणि जुळवणाऱ्यालाही. १०९८ नंबर आहे, मुलांसाठीचा. फुकट लागतो, रात्री-बेरात्री लागतो, नाव सांगावं लागत नाही. थांब, लिहूनच देते.” त्यांनी आत जाऊन खडूनं काळ्या पाटीच्या तुकड्यावर नंबर लिहून आणला. कागद पावसात भिजेल म्हणून. “शाळा बंद असली की मुलगी घरात दिसते, आणि घरात दिसली की आपल्या लोकांना लग्नच सुचतं. शाळेत जाणाऱ्या पोरीकडे निदान ‘पेपर आहे’ एवढं कारण असतं.”

“आनि पोरगे?” मावशी म्हणाल्या. “आमच्या वाडीतलं दोघं आंब्याच्या बागेत कामाला ऱ्हायले, येक ममईला हाटेलात. सर आले होते घरी बोलवाया. पोरगा म्हनतो, सर, मी महिन्याला घरी पैसं धाडतोय, तुम्ही मला पीटीला ‘सावधान-विश्राम’ कराया बोलावताय.”

“यायला हवंय त्यांनी, पण उत्तर खोटं नाही त्याचं,” काकू म्हणाल्या.

टाकळ्याचे पैसे झाले. मावशींनी पाटी कमरेच्या पिशवीत नीट खोचली, टोपली डोक्यावर घेतली आणि निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, “बाई, तुमी गणित शिकवता काय?”

“भूगोल,” काकू म्हणाल्या. आणि मग जरा ओशाळून, “पण नववीचं गणित मला येतं.”

आम्ही दोघी थोडा वेळ गप्प. काकूंच्या बाबतीत हे क्वचितच घडतं. नंतर त्या म्हणाल्या, “मला सांग, तुझ्या लेकाला काल सभेनंतर घरी काय बोललीस?”

“काय बोलणार? म्हटलं, दोन वर्षं नुसती वाया घालवलीस.”

“नुसती वाया? बावीस जुलैला कुठे होता तो?”

हा प्रश्न विचारताना चिपळुणात साल वेगळं सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१. वाशिष्ठी आणि शिवनदी एकदम गावात आल्या आणि बाजारपेठेत माणसं माडीवर, गच्चीवर जाऊन बसली. आमचं दुकान बुडालं. १ जुलैला मुलांचा सेतू अभ्यास सुरू झाला होता, पंचेचाळीस दिवसांत मागचं सगळं भरून काढायचा, आणि बावीसला पुराचं पाणी. लेकाची पुस्तकं दुकानाच्या माळ्यावर होती, ती गेली. पाणी ओसरल्यावर चौदा वर्षांचं ते पोर आठ दिवस गुडघाभर चिखलात फावडं मारत होतं. आमच्या दुकानातला उपसला, मग शेजारच्यांच्या, मग ज्यांच्याकडे माणूस नव्हतं त्यांच्या. त्याच्या आधी एप्रिलात सासूबाईंना कोविड झाला, तेव्हा त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून दर चार तासांनी आकडा वहीत मांडायचं काम त्याचंच होतं. दुकानाचे ऑनलाइन पैसे आले-गेले तोच बघतो. ह्यांना अजून जमत नाही.

“हे सांगितलं का शाळेत कोणी?” काकूंनी विचारलं.

“हे कशाला सांगायचं शाळेत?”

“तेच तर. शाळा विचारते, दोन वर्षांत काय केलंस? पोर म्हणतं, काही नाही. आईही म्हणते, काही नाही. चिखल उपसला, आजीला सांभाळलं, मावशीची पोरगी घाट चढली-उतरली, माझ्या माहेरी दापोलीकडची मुलं निसर्ग वादळानंतर कित्येक आठवडे बिनविजेची राहिली आणि बागेतली पडलेले माड-पोफळी बापाबरोबर तोडत बसली. ह्यातलं काही प्रगतिपुस्तकात मावत नाही, म्हणून ते घडलंच नाही असं धरायचं? वयाच्या मानानं ही पोरं मोठ्यांपेक्षा जास्त जगलीत. वही तेवढी मागे राहिली. वही मागे असली तर वहीचं बघू. पण पोरच मागे राहिलं म्हणून त्याला रोज ऐकवलंस तर ते खरंच राहील.”

“मग अपेक्षाच ठेवायची नाही का?”

“ठेव ना! भरपूर ठेव. फक्त मोजायला सुरुवात कुठून करायची ते बघ. सभेतले सगळे मार्च २०२० पासून मोजतायत. हे राहिलं, ते राहिलं, अमुक यायला हवं होतं. ते खातं कधीच फिटायचं नाही. पंधरा जूनपासून मोजा. पहिल्या दिवशी दीड पान? बरं. आठवड्यानं दोन? शाबास. दसऱ्यापर्यंत पाच आलं की मार्चला तीन तास बसेल. मी शाळेत असते ना, तर पहिला महिना मी पुस्तकच उघडलं नसतं. मोठ्यानं वाचून घेतलं असतं, एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकून लिहायचं. कोणाला सातवीतलं काय येत नाही ते कोणालाही न ओरडता विचारलं असतं. आणि दुपारी कबड्डी. एकमेकांच्या अंगाला हात लावायला विसरलीत मुलं.”

“आणि नव्या बाईंचं कळलं का तुम्हाला?” मी आवाज उतरवला. “त्या खालच्या आळीतल्या मुलाला... नाव नाही घेत, परवा वही अपुरी म्हणून म्हणाल्या, उद्या वडिलांना घेऊन ये.”

“अरे देवा. त्याचे वडील...”

“हो ना. गेल्या वर्षी मे महिन्यात. बाई नवीन, त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मामाला घेऊन गेला.”

“त्याच्या आईचा बालसंगोपनाचा अर्ज मी भरून दिला होता. महिन्याला पैसे मिळतात, एक पालक गेला असला तरी. कोविडमध्ये दोन्ही गेलेल्यांना पाच लाखांची ठेव वेगळी.” काकूंनी शेवटची आठळी सोलली. “मी उद्या जाते शाळेत. भांडायला नाही. त्या बाईंना वर्गाची यादी देऊन येते, कोणाच्या घरी काय झालंय त्याची. हजेरीपटात तेवढा एक रकाना कमी आहे.”

“यादी तुमच्याकडे आहे?”

“मग हा गडगा कशासाठी आहे?”

आणि मग काकूंनी तिथल्या तिथे वर्ग काढला. रोज संध्याकाळी पाच ते सहा, त्यांच्या पडवीत. आधी अर्धा तास मोठ्यानं वाचन, मग अर्धा तास ऐकून लेखन, पेनानं, रेघांच्या कागदावर. खाडाखोड चालेल, मोबाइल चालणार नाही. मावशीच्या मुलीला आठवड्यातून दोनदा शेवटच्या गाडीच्या आधी गणित, त्याबदल्यात ती माझ्या लेकाला भराभर कसं लिहायचं ते दाखवणार. फी म्हणून घरटी एक फणस, कापा असल्यास प्राधान्य, बरका आणणाऱ्यानं तो स्वतः सोलायचा.

मी आत हाक मारली. साहेब खिडकीत आले. काकूंनी सगळ्या अटी त्याला गडग्यावरून वाचून दाखवल्या. त्यानं नीट ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि विचारलं,

“काकू, कॅमेरा ऑन ठेवायचा का?”

“हो,” काकू म्हणाल्या. “आणि चपला पडवीबाहेर.”